बांधकामाच्या जागी डंपर किंवा पोकलेनखाली माणसे सापडू नयेत म्हणून काय करावे?

माणसे आणि यंत्रे यांच्या वाटा वेगळ्या करणे हाच सर्वांत भरवशाचा उपाय आहे. पायवाटेला पक्के कठडे घालावेत, फाटके वेगळी ठेवावीत आणि डंपर किंवा ट्रान्झिट मिक्सर (काँक्रीट वाहून आणणारी गाडी) फेरा मारून सरळ बाहेर पडेल असा रस्ता आखावा, म्हणजे रिव्हर्स घेण्याची वेळच कमी येते. गाडीच्या मागे वाकून काम करणारा मजूर चालकाला आरशात दिसत नाही. रिव्हर्स टळतच नसेल तेथे प्रशिक्षित सिग्नलमन हवा, आणि तो दिसेनासा होताच चालकाने गाडी थांबवावी. केवळ हॉर्नवर विसंबू नये, कारण दिवसभर तो ऐकून कानांना सवय होते. पोकलेन वळताना त्याचा मागचा जड भाग बाहेर फिरतो आणि भिंत व यंत्र यांच्यामध्ये माणूस चिरडला जाऊ शकतो, म्हणून त्या घेराभोवती अडथळे लावावेत.

आपल्याकडे मजुरांची कुटुंबे अनेकदा साइटवरच राहतात. माझ्या मते त्यांची वस्ती कुंपणाने पूर्ण वेगळी करणे हे पहिले काम आहे. पन्नासहून अधिक महिला कामगार असतील तेथे सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघराची तरतूद 1996 च्या बांधकाम कामगार कायद्यातच केलेली होती. महिला त्याहून कमी असल्या तरी ठेकेदाराने ती सोय करावी.