बँकेच्या वेबसाइटचा मजकूर सांभाळायला दर सहा महिन्यांनी बदलणारी कंत्राटी मुलं चालतील का?

तुमची अडचण अशी: मध्यम आकाराची नागरी सहकारी बँक, वेबसाइटसाठी कायम माणूस घ्यायला संचालक मंडळ राजी नाही, आणि एजन्सी दर सहा महिन्यांनी नवा मुलगा किंवा मुलगी पाठवणार.

चालेल. मात्र सीबीएसमध्ये (बँकेच्या मुख्य संगणक प्रणालीत) पाळता तोच मेकर-चेकर, म्हणजे एकाने बदल करायचा आणि दुसऱ्याने तपासून मंजूर करायचा, हा नियम इथेही लावा. कंत्राटी माणूस कायम मेकर. चेकर बँकेचा अधिकारी, तोही आकडा ज्या विभागाचा त्या विभागाचा. ठेवींचे दर ठेव विभागानेच तपासायचे. आयटीवाल्याला पेज उघडतंय की नाही एवढंच दिसतं, ७.२५ च्या जागी ७.५२ पडलं तर त्याला कळण्याचं कारण नाही.

पहिला माणूस येण्याआधी एक एक्सेल शीट तयार ठेवा: पेज, मालक विभाग, किती दिवसांनी बदलतं, आणि हीच माहिती आणखी कुठे कुठे आहे. खरा जीव या शेवटच्या रकान्यात. मुदत ठेवीचा दर होम पेजच्या सरकत्या पट्टीत असतो, दरांच्या पेजवर असतो, पीडीएफमध्ये असतो, कॅल्क्युलेटरमध्ये असतो आणि इंग्रजी पेजवरही असतो. नवा माणूस त्यातले दोन बदलतो आणि काम झालं म्हणतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ठेवीवरचं व्याज आधी जाहीर केलेल्या तक्त्याप्रमाणेच द्यायचं असतं. ग्राहक जुन्या पीडीएफचा स्क्रीनशॉट घेऊन काउंटरवर आला, की शाखाधिकाऱ्याची पंचाईत.

दर महिन्याला बदलायच्या गोष्टी शीटमध्ये वेगळ्या रंगात ठेवा. डीईए फंडात (दावा न केलेल्या जुन्या ठेवी जमा होतात तो रिझर्व्ह बँकेचा निधी) गेलेल्या ठेवींची यादी आणि सरफेसीखाली (थकीत कर्जाच्या वसुलीचा कायदा) ताब्यात घेतलेल्या मालमत्तांची यादी, दोन्ही यात येतात. ठेवींच्या यादीत नाव, पिनकोडशिवाय पत्ता आणि यूडीआरएन (अशा ठेवीला दिलेला संदर्भ क्रमांक) एवढंच द्यायचं. घोटाळा इथे होतो: विभाग एक्सेल पाठवतो, त्यात खाते क्रमांकाचा रकाना नुसता लपवलेला असतो, आणि नवखा माणूस फाइल तशीच चढवतो. म्हणून रकाने उडवलेली पीडीएफच त्याच्या हातात द्या. जुन्या प्रश्नोत्तरांवरही एकदा नजर फिरवा. ठेव विम्याची मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख आहे, तरी तिथे १ लाख तसाच पडून राहिलेला असतो.

साइट वर्डप्रेसवर (वेबसाइट चालवायचं सॉफ्टवेअर) असेल तर काही खाचखळगे ठरलेले आहेत. त्यात प्रत्येक खात्याला एक भूमिका असते. काँट्रिब्युटर या भूमिकेतल्या माणसाला पोस्टचा कच्चा मसुदा लिहिता येतो, पण पेजला हात लावता येत नाही. म्हणून कंटाळून त्याला एडिटर केलं जातं, आणि एडिटर थेट प्रकाशित करू शकतो. त्यापेक्षा साइटची चाचणी प्रत ठेवा. तिथे तो एडिटर, खऱ्या साइटवर त्याला लॉगिनच नाही. बदल चेकरने खऱ्या साइटवर आणायचा.

त्याच नावाची पीडीएफ पुन्हा चढवली की वर्डप्रेस नव्या फाइलच्या नावापुढे ‘-१’ जोडतं. जुनी फाइल सर्व्हरवर तशीच राहते आणि गूगल तीच दाखवत बसतं. आधी जुनी काढा, मग नवी चढवा. नवा दर मध्यरात्रीपासून लागू म्हणून वेळ लावून ठेवलीत आणि सेटिंगमध्ये वेळ यूटीसी (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ) असेल, तर तो सकाळी साडेपाचला दिसेल. तपासणी बँकेच्या नेटवर्कवरून नको. मोबाइल डेटावर, इनकॉग्निटो विंडोत करा, म्हणजे कॅशमधलं (ब्राउझरने साठवून ठेवलेलं) जुनं पेज फसवणार नाही.

मराठी मजकूर बहुतेक श्रीलिपीत (युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमध्ये) टाइप केलेला येतो. तो तसाच चिकटवला की साइटवर नुसती चिन्हं उमटतात. युनिकोडमध्ये बदलून घ्या, आणि नंतर रफार, जोडाक्षरं नि आकडे मूळ परिपत्रकाशी ताडून बघा. कन्व्हर्टर नेमका तिथेच चुकतो.

बदलीची वेळ मार्च-एप्रिलमध्ये येऊ देऊ नका. सप्टेंबरही नको, कारण वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, आणि अहवाल, नोटिसा सगळं त्याच सुमाराला साइटवर चढतं. जुना आणि नवा निदान दोन आठवडे एकत्र बसले पाहिजेत. पहिल्या आठवड्यात नवा बघेल, दुसऱ्यात नवा करेल. एजन्सीच्या करारात ही अट लिहूनच घ्या, नाहीतर जुना शुक्रवारी जातो आणि नवा पुढच्या बुधवारी उगवतो.

माणूस निघाला त्याच दिवशी चाचणी प्रतीवरचं त्याचं खातं बंद. खातं डिलीट करताना वर्डप्रेस विचारतं की याच्या नावावरचा मजकूर उडवायचा की दुसऱ्याच्या नावावर करायचा. घाईत पहिला पर्याय दाबला गेला तर त्याने बनवलेली पेजेस तिथून जातात. डिलीट करूच नका, त्याची भूमिका काढून घ्या. ओटीपीचा मोबाइल, गूगलवरच्या शाखांच्या नोंदी आणि डॉट बँक डॉट इन डोमेनच्या नूतनीकरणाचा ईमेल यातलं काहीही त्याच्या खासगी नंबरावर किंवा जीमेलवर नसावं. हे निघताना शोधण्यापेक्षा तो रुजू होतो त्या दिवशीच बघा.