मालदीवच्या प्रवाळातल्या घळी आणि स्विम-थ्रू: नवख्या डायव्हरने आत शिरावं का?

तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगचा ओपन वॉटर हा पहिला कोर्स झालाय, आता मालदीवला निघालाय, आणि तिथल्या घळींत, आरपार बोगद्यांत शिरावं की बाहेरूनच बघावं, असं तुम्ही विचारलंय. माझं मत सांगते: घळीखाली जरूर जा. स्विम-थ्रूमध्ये मात्र पहिल्या एक-दोन डाइव्हमध्ये अजिबात नको.

घळीत वर छत असतं, पण समोर समुद्र मोकळा असतो. चार हात मागे सरकलात की डोक्यावर पुन्हा नुसतं पाणी. स्विम-थ्रूमध्ये एका तोंडाने शिरून दुसऱ्याने बाहेर पडायचं असतं आणि मधल्या टप्प्यात सरळ वर येता येत नाही. तुम्ही शिकलात ते सगळं "काही बिघडलं तर वर या" यावर उभं आहे, आणि नेमकी तीच वाट तेवढा वेळ बंद असते. म्हणून मी घाई करू नका म्हणते.

शिवाय बघण्यासारखं बहुतेक सगळं घळीतच आहे. उत्तर आरी अटोलमधला (अटोल म्हणजे प्रवाळ बेटांचं कडं) माया थिला घ्या. थिला म्हणजे पाण्याखाली बुडालेला प्रवाळाचा डोंगर. याचा माथा साधारण 6 मीटरवर आहे आणि उतारावर कडेकडेने घळी आहेत. तिथे गेलात की छताकडे बघा. वरून लटकलेली नारिंगी पोवळी दिसतील. माथ्यावरच्या पोवळ्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उन्हावर अन्न बनवतं. पाणी फार तापलं की ते शैवाल निघून जातं आणि पोवळी पांढरी पडतात. मालदीवमध्ये 1998 आणि 2016 साली हे फार मोठ्या प्रमाणावर झालं. छताच्या पोवळ्यांत ते शैवालच नसतं. प्रवाहातून वाहत येणारे बारीक जीव पकडून ती जगतात, म्हणून त्यांना अंधार चालतो आणि त्यांचा रंगही त्या शैवालावर अवलंबून नसतो. माथा फिका पडलेल्या प्रवाळाखाली असं पेटलेलं छत पाहिलं की मला अजूनही भरून येतं.

पण हे दिसायला टॉर्च हवाच. पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं. 15 मीटरवर लाल मासा करडा-काळा दिसतो. टॉर्च लावला की मोठ्या डोळ्यांचे, रात्री फिरणारे लाल सोल्जरफिश झुंडीने उभे दिसतात. कपारीत शेवंडीच्या मिशा असतात, वाम तोंड उघडझाप करत असते (ती धमकी नाही, तिचा श्वास आहे) आणि खाली वाळूवर व्हाइटटिप मुशी पडलेली असते. ही जात न पोहताही कल्ल्यांतून पाणी खेचू शकते, म्हणून निवांत पडून राहते. तिच्या बाहेर पडण्याच्या वाटेत तेवढं थांबू नका.

घळीत श्वास सोडलात की बुडबुडे छताला अडकून हवेचा थर साचतो आणि तिथले जीव त्या हवेत उघडे पडून मरतात. म्हणून बघा, फोटो काढा आणि बाहेर पडा. पाय खालीवर न मारता बेडकासारखे मागे ढकला, नाहीतर वाळू उडून दोन हातांवरचंही दिसेनासं होतं.

स्विम-थ्रूचा विचार कधी करायचा? न हलता, हात न मारता, एका खोलीवर मिनिटभर तरंगता आलं की. एवढं जमत नसेल तर आतमध्ये प्रत्येक मोठा श्वास तुम्हाला वर उचलणार आणि सिलिंडर छतावर आपटणार. आपटलाच तर धडपडू नका. सावकाश श्वास सोडा, आपोआप खाली याल. श्वास रोखायचा मात्र कधीच नाही. शिरण्याआधी पलीकडचा उजेड दिसलाच पाहिजे, दोघं शेजारी-शेजारी जाऊ शकतील इतकी रुंदी हवी, आणि सिलिंडर निम्म्याखाली गेला असेल तर मी जात नाही. चिमणीसारख्या उभ्या वाटेला सध्या सरळ नाही म्हणा: वर जाताना बीसीडीतली (अंगात घालायच्या, हवा भरायच्या जाकिटातली) हवा फुगते आणि अरुंद जागेत ती सोडत वेग सांभाळणं नवख्याचं काम नाही. खोलीचंही भान ठेवा. मालदीवमध्ये मनोरंजनासाठीच्या डायव्हिंगला 30 मीटरची कायदेशीर मर्यादा आहे, पण तुमच्या प्रमाणपत्राला 18 मीटरचीच.

मालवणच्या मानाने तिथलं पाणी फार स्वच्छ असतं, त्यामुळे खोली कमी वाटते. डोळ्यांवर नव्हे, खोली दाखवणाऱ्या मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरवर विश्वास ठेवा. प्रवाहही जोरदार असतो, विशेषतः अटोलच्या कडेला असलेल्या कांडू नावाच्या खिंडींत. अशा जागा पहिल्या दिवशी मागू नका.

मुंबईचं परतीचं विमान आणि शेवटची डाइव्ह यांत किमान 18 तास ठेवा. आणि स्विम-थ्रू नको असेल तर ते बोटीवर ब्रीफिंगच्या वेळीच गाइडला स्पष्ट सांगा. तुमच्याबरोबर बाहेरून कोण येणार, गट पुन्हा कुठे भेटणार, हे तिथेच ठरवा. पाण्यात गेल्यावर हातवाऱ्यांनी ते ठरवता येत नाही.