मिनेसोटातल्या ग्रँड रॅपिड्सचा जुना लॉगिंग कॅम्प (लाकूडतोड्यांची छावणी) मुलांना घेऊन बघण्यासारखा आहे का? मिनियापोलिसहून एका दिवसात होईल का?

होईल. जायला तीन तास, यायला तीन. सकाळी लवकर निघा. पण 'लाकूडतोड बघायला कोण एवढ्या लांब जातं' असं तुमच्या मित्रांचं म्हणणं तुम्ही लिहिलंय, ते वाचून राहवलं नाही म्हणून हे उत्तर.

माझे बाबा गडचिरोलीतल्या आलापल्लीला फॉरेस्ट गार्ड होते. आमच्याकडे आले तेव्हा मी त्यांना मुद्दाम ग्रँड रॅपिड्सच्या फॉरेस्ट हिस्टरी सेंटरला नेलं, हा कॅम्प तिथंच आहे. १९०० सालचा कॅम्प उभारलाय: कामगारांचं झोपायचं घर, भटारखाना, लोहाराचं दुकान, घोड्यांचा तबेला. आतली माणसं त्याच सालात राहत असल्यासारखी बोलतात. आचाऱ्यानं मुलांना दम दिला, जेवताना तोंडातून शब्द काढायचा नाही. तेव्हाच्या कॅम्पांत तसा नियमच असे.

बाबांना इंग्रजी येत नाही. ते मागे मागे चालत होते. ओंडक्यावर शिक्का मारायचा हातोडा दिसला आणि मोठ्यानं म्हणाले, "अगं, हा तर आपलाच हातोडा!" हिवाळ्यात तोडलेले सगळ्या कंपन्यांचे ओंडके वसंतात मिसिसिपीतून एकत्रच वाहत जायचे, म्हणून टोकावर ज्याची त्याची खूण ठोकायची. बाबांचा हातोडा सरकारी. मार्किंगच्या वेळी, म्हणजे तोडायची झाडं ठरवताना, एक शिक्का छातीच्या उंचीवर, एक बुंध्याशी. झाड गेलं तरी खुंटावरचा राहतो. तो नसेल तर तोड चोरीची. हे सगळं मी मध्ये उभी राहून तिथल्या लाकूडतोड्याच्या वेशातल्या गड्याला सांगितलं. मग त्यानं दोघांनी चालवायची करवत पुढं केली आणि बाबांनी दुसरं टोक धरलं. ओढायचं, ढकलायचं नाही, हे दोघांपैकी कुणाला सांगावं लागलं नाही. बर्फाच्या वाटांचं बाबांना फार कौतुक वाटलं. रात्री टाकीतून चाकोरीत पाणी सोडायचं, ते गोठलं की सकाळी ओंडक्यांनी लादलेली घसरगाडी घोडे ओढून नेत. बाबांनी त्या गड्याला आलापल्लीजवळच्या कमलापूरच्या, ओंडके ओढणाऱ्या हत्तींबद्दल सांगितलं. तो गडी १९०० साल सोडून हत्तींबद्दलच विचारत बसला.

आता मुद्दा. आमच्या घरी माझे दीर बाबांना वर्षानुवर्षं एकच म्हणत आलेत, "जंगल राखायला ठेवलेली माणसं तुम्ही, आणि उभं राहून तोडून घेतलंत." त्यांनी हे म्युझियम बघावंच. मिनेसोटात व्हाइट पाइन कापत कंपन्या पुढं सरकल्या, फांद्या-शेंडे जागीच टाकून. १८९४च्या कोरड्या उन्हाळ्यात हिंकलीला आग लागली ती त्याच काडीकचऱ्यावर भडकली, चारशेहून जास्त माणसं गेली. बाबांच्या बीटात (त्यांच्याकडच्या जंगलाच्या भागात) कूप, म्हणजे तोडीचा तुकडा, आधीच आखलेलं असे, कोणती झाडं राखायची ते ठरलेलं, तोड झाली की फाटे उचलायचे, आग पसरू नये म्हणून उन्हाळ्याआधी जाळरेषा साफ. तोड आणि तोड यांत फरक असतो, आणि तो कळायला करवत, खुंट, हातोडा डोळ्यांनी बघावे लागतात. झाडाला हात न लावलेल्या माणसानं सागवानी पलंगावर झोपून जंगलाची बाजू घेऊ नये.

एक मात्र खरं. ती पाइनची जमीन तिथल्या मूळ रहिवासी ओजिब्वे लोकांची होती, १८५५च्या तहात सरकारनं घेतली. आलापल्लीतही कुऱ्हाड चालवणारे हात बहुतेक माडिया-गोंडांचे आणि जंगल सरकारचं. बाबांनाही हे ठाऊक होतं, दिरांशी वादात ते कधी बोलले नाहीत एवढंच. मुलं नऊ-दहा वर्षांची असतील तर त्यांना हे गाडीतच सांगा.

मुलांना आवडेल का? माझ्यांना आवडलं, विशेषतः तबेला. आगीवर नजर ठेवायचा शंभर फुटी मनोरा आहे, पण लहानग्यांना घेऊन चढण्याआधी विचार करा. १९३४ची वनरक्षकाची केबिनही चुकवू नका, तोडीनंतर जंगल राखायचं काम कसं सुरू झालं ते तिथं दिसतं. वेशभूषेतली माणसं वर्षभर नसतात, त्यामुळे निघण्याआधी तारीख बघून घ्या, नाहीतर नुसत्या रिकाम्या झोपड्या बघून याल. उन्हाळ्यात डासांचं औषध लागतंच. आणि ते मित्र येणार असतील तर करवतीचं दुसरं टोक त्यांच्याच हातात द्या.