दगड कठीण, तर ब्लेडचा बाँड मऊ

प्रश्न : काका, आमच्या जुन्या वाड्याच्या जोत्याला काळ्या दगडाच्या पायऱ्या आहेत. आईला धरायला कठडा बसवायचाय, त्यासाठी दगडात खाचा पाडायच्या आहेत. चार इंची ग्राइंडरला सेगमेंटचं डायमंड ब्लेड लावलं. बोटभर खाच झकास पडली आणि मग ब्लेड नुसतंच घासायला लागलं. ठिणग्या उडाल्या, खाचेत दगड आरशासारखा चकाकला. मिस्त्री म्हणतात, दगड कठीण आहे, आणखी कठीण ब्लेड आणा. तसं ब्लेड दुप्पट किमतीला मिळतंय. घेऊ का?
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : घेऊ नका. मिस्त्रींचा सल्ला ऐकायला बरोबर वाटतो, पण नेमका उलटा आहे. आणि हा गैरसमज पुण्यात इतका पसरलाय की या एकाच पत्राला मी जास्त जागा देणार आहे.

डायमंड ब्लेडचं पोलाद दगड कापत नाही. कडेला जे सेगमेंट असतात, त्यात कारखान्यात तयार केलेल्या हिऱ्याचे बारीक कण धातूच्या भुकटीत मिसळून, दाबून, भट्टीत पक्के केलेले असतात. कापतात ते कण. धातूचं काम त्यांना धरून ठेवायचं आणि वेळ आली की सोडून द्यायचं. या धातूला आपल्या धंद्यात बाँड म्हणतात. वरचे कण बोथट झाले की बाँड झिजायला हवा, म्हणजे खालचे ताजे कण उघडे पडतात. पेन्सिलीचं लाकूड तासलं नाही तर शिसं बाहेर येत नाही, तसंच हे.

बाँड झिजवतो कोण? तर कापला जाणारा मालच. त्याची भुकटी खरखरीत असेल तर ती बाँड भराभर खाते, तिथे बाँड कठीण हवा. माल कठीण, घट्ट आणि बारीक कणांचा असेल तर बाँड झिजतच नाही, तिथे तो मऊ हवा. आपला काळा दगड म्हणजे बेसाल्ट, लाव्हा थंड होऊन झालेला. ग्रॅनाइटमध्ये असतात तसे क्वार्ट्झचे, म्हणजे गारगोटीचे, टपोरे कण त्यात नसतात. जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर लेणं छिन्नीने याच दगडात कोरलंय. तिथल्या खांबाजवळ उभं राहून दगड नीट बघा, किती एकजीव आहे ते कळेल. असा दगड कठीण बाँडला ओरखडासुद्धा काढत नाही. हिरे बोथट होतात, बाँड त्यांच्या पातळीला येतो आणि ब्लेड पॉलिश करत बसतं. तुमचं तेच झालंय.

ब्लेड फेकू नका. मशिनची पिन काढा आणि सेगमेंटवरून नख फिरवा. काचेसारखं गुळगुळीत लागलं तर ते बंद पडलंय. बांधकामावरून सिपोरेक्सचा, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटचा, एखादा फुटका ब्लॉक आणा, त्यात उथळ काप घेत राहा. त्याची खरखरीत भुकटी बाँड खाते आणि हिरे पुन्हा वर येतात. मग पायरीवर जा. पण एका दमात खोल शिरू नका. पाच ते दहा मिलिमीटरचा थर काढा, ब्लेड बाहेर घेऊन मोकळं फिरू द्या, पुन्हा घाला. ग्राइंडर दाबू नका, त्याचं वजन पुरतं. दर थोड्या वेळाने पुन्हा चकाकायला लागलं, तर मात्र ब्लेडच चुकीचं आहे. दुकानात ‘भारी द्या’ म्हणू नका. ‘बेसाल्ट कापायचाय, मऊ बाँड द्या’ असं सांगा. जे ब्लेड सिपोरेक्सच्या भिंतीत महिनोन् महिने टिकतं ते काळ्या दगडात मरतं, आणि काळ्या दगडाचं चांगलं ब्लेड सिपोरेक्समध्ये बघता बघता संपतं. किंमत वाढली म्हणून हा हिशोब बदलत नाही.

काँक्रीटलाही हेच लागू. पुण्याच्या काँक्रीटमधली खडी बेसाल्टची, आणि आता वाळूही बहुतेक त्याच दगडाची क्रश सँड. नदीच्या वाळूतलं क्वार्ट्झ बाँड खायचं, तेवढं ही खात नाही. म्हणून दुसरीकडे उत्तम चाललेलं ब्लेड इथे लवकर बोथट होऊ शकतं. याउलट नुकतंच ओतलेलं काँक्रीट, ज्यात खडी अजून पक्की धरलेली नाही, ते ब्लेडला फार झिजवतं.

कोरडं कापणार असाल तर सेगमेंट लेझर वेल्डिंगने जोडलेले आहेत ना, ते विचारा. ब्रेझिंगचा, म्हणजे दुसरा धातू वितळवून डाग दिलेला, सांधा कोरड्या कापणीच्या उष्णतेत सुटू शकतो आणि सुटलेला सेगमेंट गोळीसारखा येतो. ब्लेडवरच्या बाणाच्या दिशेनेच ते बसवा, कारण प्रत्येक हिऱ्याच्या पाठीमागे बाँडची छोटी शेपटी तयार होऊन त्याला टेकू देते. ब्लेड उलटं फिरलं की तो टेकू जातो.

आणखी एक, हे हात जोडून सांगतो. चार इंची ग्राइंडरचं गार्ड काढून सात इंची ब्लेड लावणारे मी पाहतो. मिनिटाला 11,000 फेऱ्यांवर 110 मिलिमीटरच्या ब्लेडची कड सेकंदाला सुमारे 63 मीटर जाते. 180 मिलिमीटरची जाते जवळपास 104 मीटर, आणि या ब्लेडची मर्यादा साधारण 80 असते. खाच खोल हवी असेल तर मोठं मशिन भाड्याने आणा.

प्रश्न : आमच्या फ्लॅटमध्ये चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स बसवतायत. कारागीर कापतात तिथे कडेचे टवके उडतात. ते म्हणतात, टाइलच हलकी आहे. खरं का?
— एक वाचक, वाकड

उत्तर : ताई, टाइलला दोष देण्याआधी कटरचं ब्लेड बघा. कडेला खाचा असतील तर ते सेगमेंटचं आहे. प्रत्येक खाच टाइलच्या कडेला ठोकर देते. टाइलला सलग कडेचं, पातळ ब्लेड लागतं. नागमोडी कडेचं टर्बो जरा जोरात कापतं, पण काप तेवढा साफ येत नाही. ते स्कर्टिंगखाली झाकल्या जाणाऱ्या बाजूला चालेल. सलग कडेच्या ब्लेडला खाचांमधून हवा मिळत नाही, म्हणून पाणी हवंच. आधी एक-दोन मिलिमीटरची रेघ मारून घ्यायची, मग पूर्ण कापायचं.

पाण्यासाठी नळी जोडता येणारा मार्बल कटर वापरायला सांगा. साध्या ग्राइंडरवर बाटलीने पाणी ओतणं म्हणजे शॉकला आमंत्रण. लाइन 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवरून, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणाऱ्या स्विचवरून, घ्या. आणि ओल्या कापणीमुळे धूळही बसते, माझ्या लेखी ते सगळ्यात मोठं कारण. टाइल, ग्रॅनाइट, काँक्रीट यांच्या धुळीतली बारीक सिलिका फुप्फुसात जाऊन राहते. त्यातून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. किचन ओट्याच्या कृत्रिम क्वार्ट्झमध्ये सिलिका 90 टक्क्यांच्या वरही असते. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून त्यावर बंदीच घातली. तुमच्याकडचा कारागीर तोंडाला रुमाल बांधून कोरडं कापत असेल तर काम थांबवा. त्याला एन-95 मास्क आणून द्या, आणि मुलांना त्या खोलीपासून लांब ठेवा.

प्रश्न : डायमंड ब्लेडने एमएस, म्हणजे माइल्ड स्टीलचा, अँगल कापला तर चालतो का? हिरा सगळ्यात कठीण, मग लोखंड काय चीज आहे?
— एक फॅब्रिकेटर, भोसरी

उत्तर : नेहमीच्या दगडाच्या ब्लेडने नको. हिरा म्हणजे कार्बन. घर्षणाने तापला की तो लोखंडात विरघळायला लागतो, म्हणजे इथे प्रश्न कठीणपणाचा नाहीच. तुमच्या शेजारच्या टूल ग्राइंडिंगवाल्याला विचारा. कार्बाइडला तो हिऱ्याचं व्हील लावतो, पण हायस्पीड स्टीलला सीबीएनचं, म्हणजे कार्बन नसलेल्या क्यूबिक बोरॉन नायट्राइडचं. काँक्रीट कापताना मधे सळई आली तर आरसीसीसाठी केलेलं लेझर वेल्डिंगचं ब्लेड तेवढी पार करतं. दिवसभर अँगल कापायचे असतील तर साधं कट-ऑफ व्हील घ्या. हिरे धातूसाठी मुद्दाम व्हॅक्यूम ब्रेझिंगने बसवलेली ब्लेडंही मिळतात. ती घेतलीत तर पाकिटावर स्टीलचा स्पष्ट उल्लेख आणि तुमच्या मशिनएवढे किंवा त्याहून जास्त आरपीएम छापलेले आहेत, हे दुकानातच बघून घ्या.