दुबईहून आणलेल्या दुहेरी विजेच्या छोट्या फ्रिजला घरची आणि गाडीची वायर कशी जोडावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : घरच्या विजेवर आणि गाडीच्या बॅटरीवर, असा दोन्हीवर चालणारा एक छोटा कॉम्प्रेसर फ्रिज नातेवाइकांनी दुबईहून आणून आपल्याला घणसोलीला दिला. त्याच्या वायरचा चपट्या पिनांचा प्लग आपल्या सॉकेटात बसत नाही, आणि गाडीची वायर सिगारेट लायटरच्या सॉकेटात लावली तर चिपळूणच्या वाटेवर फ्रिज मध्येच बंद पडतो. मी ठाण्यात गाड्यांच्या वायरिंगची कामे करतो, त्यामुळे असे फ्रिज अधूनमधून माझ्यासमोर येतात. लोक 230 व्होल्टला घाबरतात, म्हणून ती बाजू काळजीपूर्वक जोडतात किंवा जाणकाराकडून जोडून घेतात. 12 व्होल्टचा शॉक लागत नाही, म्हणून ती बाजू मात्र हाताला लागेल त्या वायरने उरकतात. प्रत्यक्षात वितळलेली वायर आणि करपलेला सॉकेट मला नेहमी या दुसऱ्या बाजूलाच दिसतो.

याचे कारण साध्या गणितात आहे. आपला फ्रिज 60 वॉटचा आहे असे धरू (नेमका आकडा फ्रिजच्या मागील किंवा खालील पट्टीवर छापलेला असतो). घरच्या 230 व्होल्टवर तो जेमतेम पाव अँपिअर करंट घेतो, पण 12 व्होल्टवर तेवढ्याच कामासाठी त्याला 5 अँपिअर लागतात, म्हणजे सुमारे एकोणीस पट. सैल सांध्यात निर्माण होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे घरच्या बाजूला जो सांधा किंचितही गरम होणार नाही, तोच गाडीच्या बाजूला प्लॅस्टिक मऊ करू शकतो.

आधी घरची वायर. अमिरातीत आपल्यासारखाच 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झचा पुरवठा आहे, त्यामुळे तिथे विकला गेलेला फ्रिज इथे चालायला अडचण नसावी. तरीही पट्टीवरचा आकडा वाचल्याशिवाय वायर लावू नये. तिथे फक्त 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ असे छापले असेल, तर तो फ्रिज अमेरिकेसाठी बनवलेला आहे आणि आपल्या सॉकेटात तो थेट लावता येणार नाही. आकडा जुळत असेल, तर प्लग कापण्यापूर्वी वायरचे दुसरे टोक पाहावे. ते फ्रिजमधून किंवा अॅडॅप्टरमधून ओढून काढता येत असेल आणि कॉम्प्युटरच्या वायरसारखे तीन छिद्रांचे असेल, तर आयएसआय खुणेची, आपल्याकडच्या तीन गोल पिनांची तयार वायर विकत आणावी. कारखान्यात साच्यात बसवलेला प्लग हा हाताने जोडलेल्या प्लगपेक्षा केव्हाही भरवशाचा, आणि यात कापाकापी काहीच नाही. चपट्या पिनांचा प्लग एक्स्टेन्शन बोर्डाच्या युनिव्हर्सल सॉकेटात कोंबणे मात्र टाळावे, कारण तिथे पिना सैल बसतात आणि अर्थिंग मिळेलच असे नाही.

वायर फ्रिजमध्येच कायमची बसवलेली असेल, तर प्लग कापून 6 अँपिअरचा थ्री-पिन टॉप लावावा लागतो. तपकिरी वायर फेजची, निळी न्यूट्रलची आणि हिरवी-पिवळी अर्थिंगची असते. टॉपच्या आत एल (फेज), एन (न्यूट्रल) आणि ई (अर्थिंग) ही अक्षरे कोरलेली असतात, त्याप्रमाणे जोडावे. अर्थिंगची वायर आत थोडी लांब ठेवावी, म्हणजे कधी झटका बसून वायर ओढली गेलीच, तर ती सर्वांत शेवटी निसटेल. तांब्याच्या तारा पिळून, दुमडून स्क्रूखाली घट्ट दाबाव्यात. त्यांना आधी सोल्डर लावण्याची सवय अनेकांना असते, ती इथे चुकीची आहे, कारण स्क्रूच्या दाबाखाली सोल्डर हळूहळू बसत जाते आणि सांधा सैल होतो. वायर धरून ठेवणारी पट्टी बाहेरच्या जाड आवरणावर बसली पाहिजे, आतल्या रंगीत वायरींवर नव्हे. आणखी एक बाब सहसा कोणी सांगत नाही. कापून टाकलेल्या त्या प्लगच्या पोटात एक लहान फ्यूज असतो आणि आपल्याकडच्या टॉपमध्ये तो नसतो. म्हणून फ्रिज घरातल्या 6 अँपिअरच्या पॉइंटवरच लावावा, गिझरच्या किंवा एसीच्या 16 अँपिअरच्या पॉइंटवर नाही. वीज देण्यापूर्वी मल्टिमीटरने अर्थिंगची पिन आणि फ्रिजचा उघडा धातूचा भाग यांच्यात जोड लागतो का, हे तपासावे. मूळ वायर दोनच तारांची असेल आणि फ्रिजच्या छापील पट्टीवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल, तर त्या उपकरणाला अर्थिंगची गरज नसते.

गाडीच्या बाजूकडे वळण्यापूर्वी फ्रिज का बंद पडतो हे ठरवले पाहिजे, कारण त्यावरच उपाय अवलंबून आहे. चहासाठी थांबल्यावर, चावी काढताच तो बंद होत असेल, तर दोष काहीच नाही. पुष्कळ गाड्यांत हा सॉकेट चावीसोबतच बंद होतो. खड्ड्यांतून जाताना तो बंद-चालू होत असेल, तर प्लग सॉकेटात हलतो आहे. हा सॉकेट मुळात सिगारेट पेटवण्याच्या लायटरसाठी बनला. प्लग तिथे टोकाची एक स्प्रिंग आणि बाजूच्या दोन पात्या यांच्या दाबावरच टिकून राहतो, आणि कोकणातल्या रस्त्यावर तो दाब पुरत नाही. अशा प्लगच्या टोकाची चकती फिरवून उघडल्यावर आत काचेचा फ्यूज आणि बारीक स्प्रिंग दिसते. फ्यूज शाबूत असतो, पण स्प्रिंग निळसर-काळी पडून बसलेली असते, चकतीभोवतीचे प्लॅस्टिक फुगलेले असते, आणि आटे इतके चिकटतात की चकती पक्कडीशिवाय फिरत नाही. करंट मर्यादेतच होता, म्हणून फ्यूज उडाला नाही. उष्णता सैल टोकाने निर्माण केली. असा प्लग पुन्हा वापरू नये.

तिसरी शक्यता म्हणजे इंजिन बंद असताना, बॅटरी चांगली असूनही फ्रिज थोड्या वेळाने बंद होणे. कॉम्प्रेसरच्या फ्रिजमध्ये बॅटरी वाचवण्यासाठी ठरावीक व्होल्टेजखाली बंद होण्याची सोय असते आणि तिचे हाय, मीडियम, लो असे टप्पे असतात; हायवर फ्रिज सर्वांत लवकर बंद होतो. मात्र फ्रिज व्होल्टेज मोजतो ते स्वतःपाशी, बॅटरीपाशी नव्हे. बॅटरीपासून डिकीपर्यंत जाऊन-येऊन 10 मीटर वायर धरली आणि ती 0.75 चौरस मिलिमीटरची असली, तर 5 अँपिअरवर सुमारे सव्वा व्होल्ट वाटेतच जातो. पूर्ण भरलेल्या बॅटरीचे 12.6 व्होल्ट फ्रिजपर्यंत 11.4 होऊन पोहोचतात, आणि हाय टप्प्यावर ठेवलेला फ्रिज बॅटरी उतरली असे समजून थांबतो. हीच वायर अडीचची घेतली तर घट साधारण 0.4 व्होल्टवर येते, चारची घेतली तर पाव व्होल्टच्याही खाली. मी डिकीसाठी चारचीच वायर घालतो. पैशांचा फरक किरकोळ आहे आणि कामाला लागणारा वेळ तेवढाच.

म्हणजे उपाय असा की, बॅटरीपासून डिकीपर्यंत फ्रिजसाठी स्वतंत्र लाइन ओढावी. यात सर्वांत महत्त्वाची वस्तू फ्यूज, आणि तो फ्रिजजवळ नव्हे तर बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात असला पाहिजे. फ्यूज हा फ्रिजसाठी नसून वायरसाठी असतो. पत्र्याच्या कडेवर घासून वायर उघडी पडली, तर बॅटरीतून येणारा प्रचंड करंट त्यानेच तोडायचा असतो. लाल रंगाचा 10 अँपिअरचा ब्लेड फ्यूज या फ्रिजला पुरतो. बॉनेटमधून आत येताना वायर रबरी ग्रोमेटमधूनच (पत्र्याच्या छिद्रात बसवलेल्या रबरी कड्यातूनच) आणावी आणि दाराच्या उंबऱ्याच्या पट्टीखालून मागे न्यावी. वाटेत पिवळे कनेक्टर दिसले तर ते एअरबॅगचे समजून तिथे अजिबात हात लावू नये. निगेटिव्ह वायरही मागे डिकीपर्यंत न्यावी. नव्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर सेन्सर असतो, तिथे ती टर्मिनलला न जोडता बॉडीच्या अर्थ पॉइंटला जोडावी. डिकीच्या टोकाला लायटरचा सॉकेट पुन्हा न लावता उलटा बसूच शकणार नाही असा, घट्ट अडकणारा दोन पिनांचा कनेक्टर लावावा. आपल्याकडे खाडीची खारी हवा असल्याने तांब्याचे उघडे टोक एका पावसाळ्यात हिरवे पडते; म्हणून वायरच्या टोकाला लग (धातूचे टोपण) दाबून बसवल्यावर त्यावर हीट-श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी) घालावी आणि बॅटरीच्या टर्मिनलला पेट्रोलियम जेली लावावी.

घरची आणि गाडीची अशा दोन्ही वायरी एकाच वेळी लावता येतील का, हे मॉडेलवर अवलंबून आहे. काही फ्रिज घरची वीज असेपर्यंत बॅटरी आपोआप सोडतात, काहींमध्ये तशी सोय नसते. फ्रिजसोबतच्या पुस्तिकेत तसे स्पष्ट लिहिलेले नसेल, तर एका वेळी एकच लावावी.

घरच्या टॉपचे काम आपण मल्टिमीटर हाताशी ठेवून स्वतः करू शकता. बॉनेटचे काम गाडीच्या इलेक्ट्रिशियनकडे द्यावे, विशेषतः गाडी वॉरंटीत असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारून. मात्र ते चालू असताना समोर उभे राहावे आणि फ्यूज कुठे बसतो ते पाहावे. काम झाल्यावर इंजिन बंद ठेवून फ्रिज चालवावा आणि बॅटरीवर व डिकीतल्या कनेक्टरवर लागोपाठ व्होल्टेज मोजून घ्यावे. दोन्हींत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला, तर एखादा सांधा कच्चा आहे. अर्धा तास फ्रिज चालवून एकेका सांध्याला हात लावून पाहिले की तो कोणता, ते कळते.