स्विचची माहिती कोणी वाचावी?

प्रश्न : अंधेरीतील आमच्या कार्यालयात मॅनेज्ड स्विचवर (संगणकांना नेटवर्कमध्ये जोडणाऱ्या, सेटिंग बदलता येणाऱ्या उपकरणावर) देखरेखीसाठी एसएनएमपी (उपकरणांची माहिती नेटवर्कवरून वाचण्याची पद्धत) सुरू केले आहे. आलेख उत्तम दिसतात, परंतु कोणत्याही लॅपटॉपवरून तीच माहिती वाचता येते. हे कसे रोखावे?
– एक वाचक, मुंबई

उत्तर : आपल्या स्विचवर बहुधा ‘पब्लिक’ ही मूळची कम्युनिटी स्ट्रिंग (माहिती मागताना द्यायचा परवलीचा शब्द) तशीच राहिली असावी. ती नावालाच पासवर्ड आहे, कारण एसएनएमपीच्या आवृत्ती १ आणि २सी यांमध्ये ती नेटवर्कवरून उघड्या अक्षरांत जाते. ‘पब्लिक’ आणि बदल करण्याची मुभा देणारी ‘प्रायव्हेट’ या दोन्ही आधी काढून टाका. देखरेखीला केवळ वाचनाचा अधिकार पुरतो. लिहिण्याचा अधिकार दिल्यास दूरवरून पोर्टही बंद करता येते.

त्यानंतर ॲक्सेस लिस्ट (कोणत्या पत्त्यांना प्रवेश द्यायचा याची यादी) तयार करून त्यात फक्त देखरेख करणाऱ्या सर्व्हरचा आयपी पत्ता ठेवा आणि ती एसएनएमपीला जोडण्यास विसरू नका. नुसती लिहिलेली यादी, कुलूप आणून दाराला न लावण्यासारखी, निरुपयोगी असते. सर्व्हरची विचारणा स्विचच्या यूडीपी १६१ या क्रमांकाच्या नेटवर्क-दारावर येते, तर स्विच स्वतःहून पाठवतो ते ट्रॅप (सूचना-संदेश) सर्व्हरच्या १६२ वर जातात, म्हणून मधल्या फायरवॉलमध्ये दोन्ही दिशांचा विचार करावा.

स्विचमध्ये सोय असल्यास आवृत्ती ३ च घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तीत ओळखपडताळणी व कूटलेखन दोन्ही मिळतात, शिवाय ‘व्ह्यू’ (कोणती माहिती दिसावी याची मर्यादा) आखून पोर्टची आकडेवारी तेवढी दाखवता येते. मात्र इंजिन आयडी (एसएनएमपीसाठी स्विचची ओळख) नंतर बदलल्यास वापरकर्त्यांचे पासवर्ड पुन्हा द्यावे लागतात.