वाचकांचे प्रश्न : कागदाची खुर्ची, गुलाबांची खुर्ची

प्रश्न : कागदाची खुर्ची, जाळून काळी केलेली खुर्ची, पारदर्शक ठोकळ्यात फुले अडकवलेली खुर्ची अशा वस्तूंची छायाचित्रे अलीकडे वारंवार पाहण्यात येतात. यांवर खरोखर बसता येते का? येत नसेल, तर एवढ्या प्रतिभावान माणसांनी त्यांपायी वर्षे का घालवावीत? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपण उल्लेखिलेल्या तिन्ही खुर्च्या बसण्यासाठीच घडवलेल्या आहेत. संग्रहालयात त्यांना हात लावू देत नाहीत ही गोष्ट वेगळी. माणसाचे वजन पेलण्याची अट मान्य करूनच या डिझायनरांनी साहित्य आणि कृती बदलून पाहिली, म्हणून त्यांच्या कामाला प्रयोगाचे मोल आहे.

कागदाची खुर्ची म्हणजे जपानच्या तोकुजिन योशिओका यांची ‘हनी-पॉप’. ती या शतकाच्या अगदी सुरुवातीची. ग्लासिन या पातळ, गुळगुळीत कागदाचे 120 ताव एकावर एक ठेवून त्यांना ठरावीक रेघांवरच गोंद लावलेला असतो. त्यामुळे हा गठ्ठा हव्या त्या आकारात कापून पंख्याप्रमाणे उलगडला की आत शेकडो षटकोनी कप्पे उघडतात. गणपतीच्या आराशीतला घडीचा कागदी चेंडू उलगडताना जे घडते, तेच येथे माणसाला पेलण्याच्या मापात घडते. उलगडलेल्या खुर्चीला बसण्याचा खळगा मात्र अजून नसतो. पहिल्यांदा कोणी बसले की त्याच्या भाराने कप्पे दबतात, घट्ट होतात आणि त्या शरीराचा ठसा हीच तिची बैठक ठरते. वापरणाऱ्याने बसून खुर्ची पूर्ण करावी, ही कल्पना मला या सगळ्या प्रयोगांत सर्वांत मोलाची वाटते. याच योशिओकांनी 2006 साली पॉलिएस्टरच्या तंतूंची गुंडाळी कागदी नळकांड्यात घालून 104 अंश सेल्सिअसला भट्टीत भाजली आणि तंतूंना खुर्चीचा आकार कायमचा लक्षात ठेवायला लावला.

गुलाबांची ‘मिस ब्लँच’ ही खुर्ची म्हणजे जपानचेच डिझायनर शिरो कुरामाता यांची 1988 सालची निर्मिती. योशिओकांनी उमेदवारीच्या काळात त्यांच्याच हाताखाली काम केले होते. अमेरिकन नाटककार टेनेसी विल्यम्स यांच्या नाटकातील ब्लँच दुब्वा या नायिकेवरून खुर्चीचे नाव ठेवले आहे. द्रवरूप ॲक्रिलिकमध्ये कृत्रिम गुलाब मांडून ते घट्ट होऊ दिले जाते. मग फुले कशाच्याही आधाराविना तरंगताना दिसतात आणि बसणाराही हवेत बसल्यासारखा भासतो. एवढी जड वस्तू डोळ्यांना वजनरहित वाटावी, यात कुरामातांचे खरे कसब आहे.

जळालेली खुर्ची नेदरलँड्सच्या मार्टेन बास यांची. आइंडहोव्हनच्या डिझाइन अकादमीतील 2002 च्या पदवी-प्रकल्पासाठी त्यांनी तयार फर्निचर जाळले आणि कोळसा झालेल्या लाकडावर इपॉक्सी या घट्ट होणाऱ्या पारदर्शक राळेचा थर देऊन ते पुन्हा वापरण्याजोगे केले. नवी कोरी, निर्दोष वस्तूच सुंदर का मानावी, असा प्रश्न त्यांनी त्यातून विचारला.

लिलावांतील किमतींवरून मात्र या कामाची पारख करू नये. ऑस्ट्रेलियाचे डिझायनर मार्क न्यूसन यांची रिव्हेट ठोकलेल्या ॲल्युमिनियम पत्र्यांची ‘लॉकहीड लाउंज’ ही रेलून बसण्याची लांब खुर्ची 2015 साली लंडनमध्ये 24 लाख पौंडांहून अधिक किमतीला विकली गेली. अशा आकड्यांच्या बातम्या होतात आणि ते पत्रे वळवताना, जोडताना घेतलेल्या मेहनतीविषयी कोणी चौकशी करत नाही, याचे मला वाईट वाटते.

प्रश्न : मी इंटिरिअर डिझाइनची विद्यार्थिनी आहे. घरातील जुन्या साड्या आणि चादरी वापरून खुर्ची करण्याचा विचार आहे. असे पूर्वी कोणी केले आहे का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : होय. नेदरलँड्सच्या तेयो रेमी यांनी 1991 साली ‘रॅग चेअर’ केली. जुन्या कपड्यांचे थर एकावर एक रचून ते धातूच्या पट्ट्यांनी आवळायचे, एवढीच तिची रचना आहे. घेणाऱ्याला स्वतःचे कपडेही त्यात घालता येत, त्यामुळे एक खुर्ची दुसरीसारखी होत नसे. आपल्याकडे साड्यांना त्या नेसणाऱ्या बाईची आठवण चिकटलेली असते, तेव्हा ही कल्पना आपल्या हातात अधिक बोलकी होऊ शकेल.

रेमींची नक्कल करू नका. त्यांची अडचण समजून घ्या. कापड दाब सोसते, पण बसणारा मागे रेलला की थर सरकू लागतात. म्हणून पाठीचे थर आणि बैठकीचे थर एकाच पट्ट्याने बांधले जातील अशी योजना करा. बैठक साधारण 45 सेंटिमीटर उंच ठेवायची असेल, तर रचताना थर त्याहून बरेच उंच घ्यावे लागतील, कारण आवळल्यावर आणि वापरात कापड दबत जाते. किती दबते हे कापडागणिक बदलते. त्यासाठी आधी एकाच प्रकारच्या साड्यांचा लहान गठ्ठा बांधा, त्यावर काही दिवस वजन ठेवा आणि रोज उंची मोजून लिहून काढा.